लोणारचं पाणी गोड करू नका : विकास आराखडा करणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

हे पत्र कुणा एका साहेबांना नाही. लोणार सरोवराचं काय करायचं हे जे जे ठरवतात त्या सगळ्यांना आहे, म्हणजे वनविभाग, जिल्हा प्रशासन, नगरपरिषद, पुरातत्त्ववाले, पर्यटनवाले, आमदार-खासदार, झालंच तर बैठकीला येऊन फक्त चहा पिऊन जाणारेही. मी बुलढाणा जिल्ह्यातलाच, कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवतो, दरवर्षी पोरापोरींना घेऊन खाली सरोवरावर जातो, याच्यापलीकडे माझी काही ओळख नाही.

मागणी एकच आहे, आणि ती ऐकायला जरा उलटी वाटेल म्हणून आधीच सांगून टाकतो. सरोवराचं पाणी सुधारायला जाऊ नका. ते खारं आहे, हाताला बुळबुळीत लागतं, काठावर सडक्या अंड्याचा वास येतो, ते तसंच राहू द्या. थांबवायचं असेल तर आत येणारं थांबवा, म्हणजे गावाचं सांडपाणी, शेतातून वाहून येणारं खत आणि माणसाने वळवलेलं जादा गोडं पाणी. रस्ते, गेस्ट हाउस, व्ह्यू पॉइंट, माहिती केंद्र, हे सगळं करा की, माझा काहीच विरोध नाही, लोक आले पाहिजेत, गावातल्या पोरांना धंदा मिळाला पाहिजे. पण वर गेट चकाचक आणि खाली पाणी साधं झालेलं, असं झालं तर मग गेट कशाचं आणि तिकीट कशाचं?

आता हे पाणी असं का आहे ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं बोलून उपयोग नाही. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आपला काळा पत्थर, बेसॉल्ट, त्यावर आकाशातून दगड आदळला आणि साधारण १.८ किमी रुंदीचा खड्डा पडला. हा ज्वालामुखी नसून आघाताचं विवर आहे हे १९७३ मध्ये भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी पक्कं केलं, खाली बोअर मारून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला, तो आघाताच्या जबरदस्त दाबाशिवाय तयारच होत नाही. वयाबद्दल जुना अंदाज ५० हजार वर्षांच्या आसपास होता, २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात खडकातल्या आरगॉन वायूवरून वय काढलं तर सुमारे ५ लाख ७० हजार निघालं, पण अजूनही जिकडेतिकडे ५० हजारच लिहिलेलं सापडतं. आणि हो, ते ‘जगातलं एकमेव’ प्रकरण पण जरा आवरा. ब्राझीलमध्ये बेसॉल्टमधली आघात विवरं आहेत, फक्त ती झिजलेली आहेत, आपलं अजून ठसठशीत आहे, आणि तेवढं सांगितलं तरी भरपूर आहे.

तर या खड्ड्याला पाणी आत यायला वाटा आहेत, ‘धार’ नावाच्या झऱ्यासारखे झरे आहेत, पाऊस आहे, पण बाहेर जायला एकही ओढा नाही. पाणी जातं ते फक्त उन्हाने. बेसॉल्टमधून विरघळून आलेले क्षार मागे राहतात, त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाला बसतं आणि वर उरतो सोडियमचा सोडा. हजारो वर्षं असं आटत आटत पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, साडेनऊ-दहाच्या घरात गेलाय, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. पूर्वी इथला खार काढून विकला जायचा, साबणाला वापरायचे, ते याच्यामुळेच.

कमळजा देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, गाईड लोक सांगतात एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं, पर्यटक हसतात, सासू कुठली आणि सून कुठली यावर जोक होतात. मी पोरांना तिथे लिटमस नाही, युनिव्हर्सल इंडिकेटरची पट्टी देतो. धारेच्या पाण्यात बुडवली की हिरवट राहते, सरोवराच्या पाण्यात बुडवली की बघता बघता गडद निळी होते. मग बोटाने काठावरचा चिखल हलकेच उकरायला सांगतो. वर पातळ हिरवा थर, त्याच्या खाली लगेच काळं कुळकुळीत, आणि भपकन वास. वरचे जिवाणू उन्हावर जगतात, खालच्यांना ऑक्सिजन विषासारखा, ते सल्फेट वापरतात, काही मिथेन सोडतात. एका बोटाच्या पेरात इतके वेगवेगळे धंदे करणारे जीव बसलेत आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की हे तळं मेलेलं आहे! उलटंय. साध्या माशाला जगता येऊ नये असं पाणी आहे म्हणून हे जीव आहेत.

२०२० चा जून आठवत असेल. सगळे घरात बसलेले आणि एकदम सरोवर गुलाबी झाल्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं परग्रहवासी, कुणी म्हणालं कंपनीने रंग सोडला. वनविभागाने नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला आणि पुण्याच्या आघारकर संस्थेला पाठवले (ते काम चोख केलंत, मान्य), आणि उत्तर आलं हॅलोआर्किया. हे मीठखाऊ सूक्ष्मजीव आहेत, बॅक्टेरियाही नाहीत, त्यांचं खानदानच वेगळं. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांची चलती झाली आणि त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगलं. पुण्याच्या लॅबमध्ये ते पाणी नुसतं ठेवून दिलं तर गुलाबी गाळ खाली बसला आणि वरचं पाणी पारदर्शक झालं, म्हणजे रंग पाण्यात नव्हता, जिवांत होता. मग पाऊस आला, पाणी पातळ झालं, खेळ खल्लास. हॅलोआर्कियाच्या कित्येक जातींचं असं असतं की पाणी फार गोडं झालं तर त्यांच्या पेशी सरळ फुटतात.

आता हे पाऊस-उन्हाळ्याचं वरखाली होणं निसर्गाचंच आहे, त्याची सरोवराला सवय आहे. पण गटार बारा महिने वाहतं. आणि गटाराचं पाणी म्हणजे फक्त पाणी नसतं, त्यात साबण, नायट्रेट, आपल्या पोटातले जंतू, सगळं येतं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला की काय होतं ते घरात आईला विचारा, तेच इथे चाललंय. हे मी नवीन सांगत नाहीये, नागपूर खंडपीठात सरोवराचा विषय वर्षानुवर्षं चालू आहे, आदेश निघतात, समित्या होतात. गेल्या काही वर्षांत पाणी वाढून देवळात शिरल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्यात. पण त्या बातम्यांतसुद्धा काळजी फक्त देवळाच्या दगडांची असते. ती असायलाच पाहिजे, हेमाडपंती देवळं आहेत, पुन्हा कोण बांधणार. पण पाणी वाढलं म्हणजे पाणी पातळ झालं, आणि पातळ झालं म्हणजे आतली वस्ती बदलली, हे कुणी का लिहीत नाही? उद्या कुणी सांगितलं की सरोवरात मासे पोहताना दिसले तर ती गुड न्यूज समजून फोटो काढायला धावू नका. साधा मासा तिथे जगला याचा अर्थ पाणी साधं झालं.

तुम्ही म्हणाल, मास्तर, जंतूच ते, राहिले काय आणि गेले काय. थांबा. अमेरिकेत यलोस्टोनच्या कडकडीत गरम झऱ्यांत थॉमस ब्रॉक नावाच्या माणसाला १९६० च्या दशकात एक बॅक्टेरिया मिळाला, थर्मस अ‍ॅक्वाटिकस. तेव्हा कुणालाही वाटलं असतं, याचा काय उपयोग. पुढे त्याच जिवाचं एन्झाइम पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या भराभर प्रती काढायच्या तंत्रात, वापरलं गेलं, कारण तापवलं तरी ते खराब होत नाही, आणि पीसीआर शोधणाऱ्या कॅरी मलिसला १९९३ मध्ये नोबेल मिळालं. लॉकडाऊनमध्ये नाकात काडी घालून घेतलेली आरटीपीसीआर याच तंत्राच्या घरातली. ब्रॉक झऱ्यावर पोचायच्या आधी कुणी तिथे थंड पाण्याची पाइपलाइन सोडली असती तर? लोणारमधूनही नवीन जाती निघाल्यात, एकीचं तर नावच सेसेम्बिया लोनारेन्सिस आहे. आपल्या तालुक्याचं नाव जगभरच्या जिवाणूंच्या यादीत गेलंय आणि गावात एक बोर्ड नाही त्याचा.

पण मला जास्त ओढ आहे ती दुसऱ्या गोष्टीची, आणि हे पत्र लिहायचं खरं कारण तेच. पृथ्वीबाहेर कुठे जीव आहे का हे शोधणारे लोक काय करतात, तर आधी पृथ्वीवरच्या अशा विचित्र जागा शोधतात जिथे राहणं अवघड आहे, आणि तिथे जीव कसा तग धरतो, मागे कोणत्या खुणा सोडतो ते बघतात. शनीचा एक चंद्र आहे एन्सेलाडस. व्यास साधारण ५०० किमी, म्हणजे मुंबईहून गाडीने लोणारला यायला जेवढं अंतर पडतं जवळजवळ तेवढाच. वर बर्फाचं कवच, खाली समुद्र, आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून ते पाणी फवारे उडावेत तसं अवकाशात उडतं. कॅसिनी यानाने २००५ मध्ये हे पाहिलं आणि नंतर ते यान त्या फवाऱ्यांतून आरपार गेलं. बर्फाच्या कणांत काय मिळालं? मीठ आणि सोडा. म्हणजे तो समुद्र अल्कधर्मी आहे, आपल्या सरोवरासारखा सोड्याचा. यान २०१७ मध्येच शनीत जळून गेलं, पण त्याचा डेटा चाळत २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की तिथे फॉस्फेट आहे, आणि आपल्या समुद्रांच्या निदान शंभरपट.

फॉस्फेटचं एवढं कौतुक कशाला? डीएनएचा कणाच फॉस्फेटचा असतो, पेशीचा रोजचा खर्च भागवणारं एटीपी फॉस्फेटचंच. पण साध्या पाण्यात कॅल्शियम त्याला धरून दगड करून टाकतं, हाताला लागू देत नाही. सोड्याच्या पाण्यात कार्बोनेट आधीच कॅल्शियमला घेऊन खाली बसतं, मग फॉस्फेट मोकळं राहतं. म्हणून जीव मुळात सुरू कुठे झाला या प्रश्नावर काम करणारे काही लोक आता समुद्रापेक्षा सोड्याच्या तळ्यांकडे बघतायत. अशी तळी जगात मोजकी आहेत, आणि त्यातही बेसॉल्टवरच्या आघात विवरात बसलेलं, नुसतं आपलं लोणार.

आणि बेसॉल्ट विवर म्हटलं की मंगळ आलाच. मंगळाचा पृष्ठभाग बहुतेक बेसॉल्टचा, खड्डेच खड्डे, आणि त्यातल्या काहींत कधीकाळी तळी होती. नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला जिथे उतरला ते जेझेरो म्हणजे असंच ४५ किमीचं विवर आहे, साडेतीन अब्ज वर्षांमागे तिथे नदी येऊन मिळत होती. २०२४ मध्ये त्याला एक दगड मिळाला, अंगावर बिबट्यासारखे ठिपके, आणि २०२५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास छापून आला, त्या ठिपक्यांत लोखंडाची अशी खनिजं आहेत जी पृथ्वीवर बऱ्याचदा चिखलातल्या सूक्ष्मजीवांच्या उद्योगातून होतात. बऱ्याचदा, नेहमी नाही. जिवाशिवायही होऊ शकतात. आता हे जिवाचं काम की नुसतं रसायन, हे कसं ठरवणार? रोव्हरने त्या दगडाचा नमुना भरून ठेवलेली नळी पृथ्वीवर कधी येईल याचा पत्ता नाही, बजेटची बोंब आहे. तोवर एकच करता येतं, पृथ्वीवरच्या तळ्यांचा चिखल घ्यायचा आणि जिवाची खूण कशी दिसते आणि बिनजिवाची कशी, याची बारकाईने नोंद करायची. बेसॉल्टचा, विवरातला, ऑक्सिजन नसलेला चिखल कुठे मिळेल? तुमच्या अखत्यारीत आहे तो. फक्त त्यात गावाचं ड्रेनेज मिसळलं की ती तुलनाच बाद, कारण मग खूण विवराची की आपल्या बाथरूमची हे सांगता येत नाही.

या बाबतीत आपल्याच लोकांनी काय काळजी घेतली होती ते बघा. जयंत नारळीकर सर, जे २०२५ च्या मे महिन्यात गेले, त्यांनी वातावरणाच्या वरच्या थरात जीव आहे का हे बघायचा प्रयोग इस्रो आणि इतर संस्थांबरोबर केला. हैदराबादहून बलून सोडले, २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किमी उंचीवरची हवा गोळा केली. ज्या नळ्यांत हवा भरायची त्या आधी निर्जंतुक केलेल्या, कारण जमिनीवरचा एक जंतू जरी चिकटला तरी अख्खा प्रयोग पाण्यात. मग हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्राच्या संस्थांत तपासणी झाली आणि २००९ मध्ये जाहीर केलं की तीन नव्या जाती मिळाल्या. ते जीव वरून आले की खालून वर गेले हे सिद्ध झालेलं नाही आणि तसा दावाही इस्रोने केला नाही, इतका संयम! एका बाजूला चाळीस किलोमीटर उंच जाऊनही हात न लावता नमुना आणणारी माणसं, आणि दुसऱ्या बाजूला आपण, जमिनीवर आयता मिळालेला नमुना नाल्याने धुवून काढतोय.

संयमावरून आठवलं, उगाच ‘लोणारमध्ये एलियन’ छाप जाहिरात पण नको. होकायंत्र चालत नाही, नासा घाबरली, असलं काहीबाही आधीच यूट्यूबवर ढीगभर आहे. कॅलिफोर्नियात मोनो लेक नावाचं असंच सोड्याचं तळं आहे, तिथल्या एका जिवाणूबद्दल २०१० मध्ये नासाने मोठी पत्रकार परिषद घेतली की हा फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, जगभर गाजावाजा, आणि शेवटी २०२५ मध्ये तो पेपर छापणाऱ्या ‘सायन्स’ नियतकालिकाने तो मागे घेतला. लोणारमध्ये परग्रहावरचं काहीही नाही. आपल्याच पृथ्वीवरचे, पण हट्टी जीव आहेत, आणि तेवढंच पुरे आहे.

पण त्याच मोनो लेककडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, म्हणून ते नाव काढलं. तिथल्या नद्यांचं पाणी लॉस एंजेलिस शहराने १९४१ पासून वळवलं, तळं आटत गेलं, लोक कोर्टात गेले, आणि १९९४ मध्ये तिथल्या पाणी मंडळाने चक्क आकडा ठरवून दिला, तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६३९२ फूट झाली पाहिजे. अजून तिथवर पोचली नाही म्हणा, पण भांडायला आकडा तरी आहे! त्यांचा प्रश्न आपल्या उलटा, त्यांच्याकडे पाणी कमी पडलं, आपल्याकडे नको ते येतंय. पण आपल्या आराखड्यात असा आकडा कुठे आहे? पर्यटक किती येतील, पार्किंग किती गाड्यांचं, हे सगळं मोजायचं सुचतं. पाण्याचा पीएच कितीच्या खाली गेला तर धोका, क्षारता किती हवी, पातळी कुठवर चालेल, हे एका कागदावर लिहून त्याखाली सही करायला कुणीतरी पुढे या.

आणि ते लिहायचं तर मोजावं लागेल, वर्षातून एकदा पाहुणे आल्यावर नाही, रोज. कायमचं यंत्र बसवा, रोजचा आकडा गावात बसस्टँडवर लावा, लोकांना पेट्रोलचा भाव पाठ असतो तसा हा पण होईल. सांडपाणी शुद्ध करा, छानच, पण शुद्ध केलेलं पाणीही विवराच्या आत सोडू नका, ते शेतीला द्या, कारण सरोवराच्या दृष्टीने शुद्ध पाणी पण गोडंच. काठाचा एक पट्टा असा ठेवा जिथे कुणीच जाणार नाही, ना पर्यटक, ना माझे विद्यार्थी. कारंजी, बोटिंग, पाण्यात हवा सोडायची यंत्रं, असले प्रस्ताव कुणी आणले तर प्रेमाने परत पाठवा. वेडी बाभूळ काढताय ते चांगलंय, फक्त काठावर जेसीबी फिरवू नका, खालचे थर हजारो वर्षांत एकावर एक बसलेत. आणि तळाच्या गाळाचे काही नमुने आत्ताच काढून पुण्याच्या एखाद्या संस्थेत गोठवून ठेवा, म्हणजे उद्या काय गमावलं हे तरी कळेल. कमळजा देवीची यात्रा बंद करा असं मी म्हणत नाहीये, माझी आजी जायची, मी पण जातो. निर्माल्य वर आणायची सोय करा म्हणतोय.

२०२० च्या नोव्हेंबरात सरोवराला रामसरचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतला, दर्जा मिळाला तेव्हा सत्कार झाले, हारतुरे झाले. लेहमध्ये इस्रोने २०२४ मध्ये परग्रहावर राहायचा सराव करायला तळ उभा केला, मोठमोठ्या संस्था तिथे गेल्या, ते लडाखचं भाग्य. लोणारला निदान दोन खोल्यांची लॅब द्या, एक चांगला मायक्रोस्कोप, एक फ्रीज, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर. गाईड पोरांना आठवडाभराचं ट्रेनिंग द्या, लवणासुराची गोष्ट ते इतकी रंगवून सांगतात, हॅलोआर्कियाची पण सांगतील, त्यांच्यात ती ताकद आहे.

पावसाळ्याआधीची तुमची बैठक लागेल तेव्हा अजेंड्यावर पहिला मुद्दा पीएच आणि क्षारतेचा ठेवा, सेल्फी पॉइंट दुसऱ्या पानावर गेला तरी चालतो. मोजायला माणसं नाहीत असं म्हणू नका, आमच्या टीवायच्या पोरी तयार आहेत, दर आठवड्याला खाली उतरून नमुने घेतील, वह्या लिहितील, पैसे मागणार नाहीत. त्यांना फक्त परवानगीचा कागद लागतो. तो पहिल्या पावसाच्या आत द्या, कारण कोरड्या दिवसांतला आकडा हातात नसेल तर नंतर किती गोडं पाणी आत आलं हे कुठल्या हिशोबाने सांगायचं?

आपला,
बुलढाणा जिल्ह्यातला एक मायक्रोबायॉलॉजीचा मास्तर